पहिल्या ओळखीचे प्रामाण्य

एखादे ज्ञान झाले की ते झाले एवढ्यावरच खरे मानावे, की त्याच्या खरेपणासाठी बाहेरून आणखी कशाची तरी साक्ष काढावी, हा भारतीय दर्शनांतील प्रामाण्यवादाचा कळीचा प्रश्न आहे. प्रामाण्य म्हणजे ज्ञानाचा खरेपणा. तो ज्ञानासोबतच येतो असे मानणाऱ्या मीमांसकांचे मत स्वतःप्रामाण्य या नावाने ओळखले जाते, तर तो मागाहून, दुसऱ्या एखाद्या पुराव्याने ठरतो असे म्हणणाऱ्या नैयायिकांच्या मताला परतःप्रामाण्य म्हणतात. वेदवचनांना कोणा वक्त्याच्या, मग तो ईश्वर का असेना, पाठबळाची गरज आहे काय, या धार्मिक वादातून या चर्चेला धार आली आणि सातव्या शतकातील मीमांसक कुमारिल भट्टांपासून चौदाव्या शतकातील नैयायिक गंगेशोपाध्यायांपर्यंत ती अव्याहत चालू राहिली. आज ती पाठशाळांपुरती उरली आहे असा समज असला, तरी घरातल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसवून कुटुंबाचे फोटो, कागदपत्रे आणि हिशेब तेथे सुरक्षितपणे ठेवता-आणता येतील अशी सोय करणाऱ्या माणसापुढे तोच प्रश्न पडद्यावर उभा राहतो आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर मिळेपर्यंत हटत नाही.

हा प्रश्न यंत्राने मुळात का विचारावा, हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. एका संगणकावरून दुसऱ्यावर फाइली नेण्याची एफटीपी ही पद्धत १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहून काढली. कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीत शिकून ते अमेरिकेत एमआयटीमध्ये गेले होते. त्या काळी जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधनसंस्था होत्या, त्यामुळे वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत पाठवण्यात कोणाला गैर वाटले नाही, आणि पुढे जाळे अफाट वाढले तरी ती रीत तशीच चालू राहिली. १९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असे पासवर्ड कोणीतरी टिपून घेत असल्याचे उघड झाल्यावर तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी सबंध संभाषण सांकेतिक करणारी एसएसएच ही पद्धत रचली आणि त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ती सर्वांसाठी खुली केली. संगणकावरील प्रत्येक सेवेला पोर्ट नावाचा एक क्रमांक असतो. एफटीपीचा २१ आणि दूरच्या संगणकावर काम करण्याच्या टेलनेट या जुन्या पद्धतीचा २३ यांच्या मधला रिकामा २२ त्यांनी आपल्या पद्धतीसाठी मागून घेतला. घरगुती सर्व्हरवर, म्हणजे फाइली ठेवणाऱ्या-पुरवणाऱ्या घरच्या संगणकावर, आज बहुधा चालते ती तिची ओपनएसएसएच ही मुक्त आवृत्ती, जी डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी या प्रणालीबरोबर बाहेर आली. फाइली नेण्या-आणण्यासाठी तिच्यातच असलेल्या सोयीला एसएफटीपी म्हणतात. नावात साम्य असले तरी ती जुन्या एफटीपीची सुधारलेली प्रत नसून एसएसएचच्या पोटात चालणारी स्वतंत्र पद्धत आहे.

जोडणी सुरू होताना दोन्ही संगणक उघड्या वाटेवरून काही संख्यांची देवघेव करतात आणि तिच्यातून त्या दोघांनाच ठाऊक असे गुपित तयार होते. व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या गणितामुळे हे शक्य झाले, आणि वाटेवर नुसते कान लावून बसलेल्याला ते गुपित काढता येत नाही. परंतु हे गणित गुपित दोघांतच आहे एवढे सांगते, तो दुसरा कोण हे सांगत नाही, आणि सारी तत्त्वचर्चा याच उणिवेपाशी सुरू होते. वाटेत बसलेला तोतया वापरकर्त्याशी सर्व्हर बनून आणि सर्व्हरशी वापरकर्ता बनून दोन वेगळी गुपिते जुळवू शकतो. दोन्ही संभाषणे पूर्ण सांकेतिक असतात आणि तरीही सारे काही त्याला वाचता येते. म्हणून सर्व्हरकडे स्वतःच्या किल्ल्यांची जोडी असते: खाजगी किल्लीने सही करता येते आणि ती सर्व्हरबाहेर जात नाही, तर सार्वजनिक किल्लीने ती सही कोणालाही पडताळता येते. सर्व्हर त्या क्षणीच्या देवघेवीवर खाजगी किल्लीने सही करून देतो, ती सही सार्वजनिक किल्लीशी जुळते, पण ही सार्वजनिक किल्ली आपल्याच सर्व्हरची कशावरून, हे पहिल्या भेटीत कोणत्याही गणिताने ठरत नाही. तेव्हा एसएसएच त्या किल्लीचा ठसा, म्हणजे तिच्यावरून काढलेली ४३ अक्षरांची खूण, पडद्यावर मांडते, समोरचे यंत्र खरे की नाही हे ठरवता येत नसल्याचे स्पष्ट सांगते आणि पुढे जायचे का असे विचारते. ‘हो’ म्हटले की ती किल्ली ओळखीच्या यंत्रांच्या यादीत, वापरकर्त्याच्या खात्यातील एका साध्या फाइलीत, नोंदली जाते आणि त्याच नावाच्या यंत्राशी पुढे जोडणी करताना तो प्रश्न पुन्हा विचारला जात नाही. या रीतीला ‘पहिल्या वापरावरचा विश्वास’ असे नाव आहे. एसएसएचची रचना सांगणारा २००६ मधील मानक-दस्तऐवज ही त्रुटी झाकून ठेवत नाही. पहिल्या जोडणीत पडताळणी न केल्यास तोतयाला वाव राहतो हे तो मान्य करतो, आणि जगभर पसरलेली दुसरी साक्षव्यवस्था नसताना वापर सुकर व्हावा म्हणून ही मुभा ठेवल्याचे सांगतो.

साक्षव्यवस्था नाही म्हणून मुभा, हे समर्थन व्यावहारिक वाटले तरी त्याच्यामागे एक भक्कम तात्त्विक अडचण आहे, आणि ती मीमांसकांनी फार पूर्वी नेमकेपणाने मांडली. एका ज्ञानाचा खरेपणा दुसऱ्या ज्ञानाने ठरत असेल, तर त्या दुसऱ्याचा खरेपणा तिसऱ्याने ठरवावा लागेल, आणि ही साखळी कोठेच थांबणार नाही. या दोषाला अनवस्था म्हणतात. दुसऱ्या बाजूने बौद्ध आचार्य नागार्जुनानेही ‘विग्रहव्यावर्तनी’त प्रमाणे, म्हणजे ज्ञानाची साधने, मानणाऱ्या सर्वांनाच हा पेच घातला होता. सर्व्हरच्या किल्लीवर एखाद्या प्रमाणपत्रसंस्थेची सही घ्यावी असे म्हटले, तर त्या संस्थेची किल्ली खरी कशावरून हे विचारावेच लागते, आणि शेवटी एखादी किल्ली कोणीतरी आधीच संगणकात ठेवलेली असते म्हणून तिच्यावर विश्वास ठेवायचा, इथेच येऊन थांबावे लागते. म्हणजे परतःप्रामाण्याची शिडी चढणाऱ्यालाही वरची पायरी कशावर टेकली आहे ते दाखवता येत नाही. कुमारिलांचे उत्तर असे की, ज्ञान उत्पन्न होताना आपला खरेपणा घेऊनच येते. तो सिद्ध करावा लागत नाही, फार तर तो खोडला जाऊ शकतो.

वरवर पाहता हे मत भाबडेपणाचे समर्थन वाटते, आणि अनेकांनी त्याचा तसाच अर्थ लावला आहे. प्रत्यक्षात कुमारिलांनी खोडण्याच्या वाटा काळजीपूर्वक सांगितल्या आहेत, आणि त्यांच्या सिद्धांताचे सारे बळ त्या वाटा उघड्या राहण्यावर अवलंबून आहे. पहिली वाट म्हणजे बाधक ज्ञान, म्हणजे आधीच्या ज्ञानाला सरळ छेद देणारे नंतरचे ज्ञान. दोरीवर साप दिसला आणि जवळ जाऊन पाहता दोरीच निघाली, तर दुसऱ्या ज्ञानाने पहिले बाधित होते. दुसरी वाट म्हणजे कारणदोषाचे ज्ञान: छेद देणारे काही दिसले नाही, पण ज्या साधनाने ज्ञान झाले त्यातच खोट आहे हे कळले, जसे पाहणाऱ्याच्या डोळ्यांना कावीळ आहे हे कळले, तर तेवढ्यानेही विश्वास मागे घ्यावा लागतो.

एसएसएचच्या जगात या दोन्ही वाटा जशाच्या तशा दिसतात, आणि त्यांतला फरकही तितकाच महत्त्वाचा ठरतो. यादीत नोंदलेल्या नावाच्या यंत्राने एके दिवशी निराळी किल्ली पुढे केली, की मोठ्या अक्षरांत इशारा येतो, मधे कोणी घातपात करत असण्याची शक्यता सांगितली जाते आणि जोडणी नाकारली जाते. हे शुद्ध बाधक ज्ञान होय. कारणदोषाचे उदाहरण मात्र १३ मे २००८ रोजी जगासमोर आले. डेबियन या लिनक्सच्या लोकप्रिय आवृत्तीत सप्टेंबर २००६ पासून किल्ल्या घडवणाऱ्या ओपनएसएसएल या साधनात एक बदल झाला होता, ज्यामुळे किल्लीसाठी लागणारा यदृच्छेचा, म्हणजे कोणालाही आधी न सांगता येणाऱ्या संख्यांचा, साठा जवळजवळ आटून गेला आणि केवळ चालू प्रक्रियेचा क्रमांक तेवढा उरला. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या त्यामुळे फार तर ३२,७६८ इतक्याच निरनिराळ्या निघू शकत होत्या, आणि त्या साऱ्या आधीच तयार करून ठेवणे कोणालाही शक्य होते. या काळात घडलेल्या किल्लीने कधीच इशारा दिला नाही, ठसा रोज जुळत राहिला, बाधक ज्ञान उत्पन्नच झाले नाही. तरी ज्या दिवशी साधनातली खोट कळली त्या दिवशी त्या किल्लीवरचा विश्वास सोडणे क्रमप्राप्त झाले. केवळ अनुभवात विसंगती आढळत नाही एवढ्यावर विसंबणाऱ्याला हे कधीच कळले नसते. घरी सर्व्हर चालवणाऱ्याने सुरक्षेच्या सूचना वाचाव्यात आणि प्रणाली वेळेवर अद्ययावत करावी, हा सल्ला कंटाळवाणा वाटत असला तरी त्याचे तात्त्विक स्थान हेच आहे: कारणदोष कळण्याची ती एकमेव वाट आहे.

नैयायिकांना हे पुरेसे वाटत नाही. वात्स्यायनांनी न्यायसूत्रांवरील आपल्या भाष्याच्या आरंभीच प्रमाणाची कसोटी कृतीच्या यशात ठेवली. पाणी दिसले, जवळ गेले, तहान भागली, तेव्हा ते ज्ञान खरे ठरले, आणि मृगजळ असते तर प्रयत्न फसला असता. याला प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात, म्हणजे ज्ञानावर विसंबून केलेल्या कृतीची फलद्रूपता. गृहस्थाने पहिल्यांदा जोडणी केली, फाइल चढली, जुन्या फाइलींची यादी दिसली, तर सर्व्हर खरा, असे हा न्याय सांगेल. येथे थोडे थांबून पाहणे आवश्यक आहे, कारण ही कसोटी टिकते की नाही हे ओळख पटवण्याच्या पद्धतीवर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट अनेक जाणकारांच्याही नजरेतून निसटते.

वापरकर्ता पासवर्डने आत जात असेल, तर वाटेवरच्या तोतयाला तो पासवर्ड जसाच्या तसा मिळतो, तो खऱ्या सर्व्हरकडे पुढे करता येतो, आणि खऱ्या फाइलींची खरी यादी वापरकर्त्यापर्यंत पोहोचवता येते. कृती यशस्वी होते, तहान भागते, आणि तरी ज्ञान खोटे असते. मृगजळात आणि या फसवणुकीत हाच फरक आहे की, मृगजळ पाणी देत नाही आणि हा तोतया देतो. येथे प्रवृत्तिसामर्थ्य पूर्ण निकामी होते. वापरकर्ता पासवर्डाऐवजी स्वतःच्या किल्लीने आत जात असेल तर चित्र पालटते. तेव्हा त्याचा संगणक जी सही करतो, तिच्यात त्या विशिष्ट जोडणीची खूण गुंफलेली असते, आणि तोतयाच्या दोन बाजूंच्या दोन जोडण्यांच्या खुणा वेगळ्या असल्यामुळे एका बाजूची सही दुसऱ्या बाजूला चालत नाही. तोतया वापरकर्त्याला खोट्या दारातून आत घेऊ शकतो, पण खऱ्या सर्व्हरपर्यंत जाऊ शकत नाही. म्हणून ओळखीच्या फाइली समोर दिसल्या, तर न्यायाची कसोटी पुन्हा अर्थपूर्ण होते. तरीही सर्व्हर नवा आणि रिकामा असेल, पहिल्याच भेटीत त्यावर फक्त काही चढवायचे असेल, तर खोटे दार आणि खरे दार सारखेच रिकामे दिसते आणि कसोटीला धरायला काही उरत नाही. पासवर्डाची वाट सर्व्हरच्या मांडणीत बंद करून केवळ किल्ल्यांना प्रवेश द्यावा, हा नियम सहसा पासवर्ड ओळखून काढणाऱ्यांपासून बचाव म्हणून सांगितला जातो. पण त्याने यशस्वी कृतीला पुन्हा पुराव्याचे मोल येते, हे त्याचे अधिक खोल समर्थन आहे.

घरगुती सर्व्हरच्या बाबतीत या वादाला एक वेगळे वळण मिळते, आणि ते दुर्लक्षिले जाते याचे वाईट वाटावे. दूरच्या देशातल्या भाड्याच्या यंत्राची किल्ली खरी की खोटी हे डोळ्यांनी पाहता येत नाही. घरातले यंत्र मात्र कपाटाशेजारी ठेवलेले असते. त्याला पडदा आणि कळफलक जोडून किल्लीचा ठसा छापणारी एक आज्ञा दिली, की ती ४३ अक्षरे जाळ्याच्या कोणत्याही वाटेवरून न जाता समोर येतात. हे प्रत्यक्ष प्रमाण आहे. ती अक्षरे कागदावर उतरवून ठेवली आणि दुसऱ्या संगणकावरून पहिली जोडणी करताना समोरच्या खुणेशी ताडून पाहिली, तर पहिल्या विश्वासात आंधळेपणाचा अंशही राहत नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘हो’ऐवजी ठसाच लिहिण्याची सोय आहे, आणि तो जुळला तरच यंत्र पुढे जाते. पुण्याच्या घरातील सर्व्हरवर न्यू जर्सीतील मुलीला फोटो ठेवायचे असतील, तर तिच्यासाठी हेच ज्ञान शब्दप्रमाणाने पोहोचते. न्यायदर्शनात शब्दप्रमाण म्हणजे आप्ताचे सांगणे, आणि आप्त म्हणजे ज्याला वस्तू स्वतः ठाऊक आहे आणि ती आहे तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. वडिलांनी फोनवर एकेक अक्षर वाचावे आणि मुलीने पडद्याशी ताडावे, यात या दोन्ही अटी पुऱ्या होतात. शिवाय आवाज ओळखीचा असल्यामुळे सांगणारा कोण हा प्रश्न निराळ्या वाटेने सुटतो. तोच ठसा त्याच जोडणीतून किंवा त्याच सर्व्हरवरच्या पानावरून कळवला, तर मात्र साक्षीदार आणि आरोपी एकच होतात.

पहिली भेट आणि नंतरच्या भेटी यांना एकच नियम लावण्याचा आग्रह दोन्ही मोठ्या पक्षांनी धरला. आठव्या शतकातील बौद्ध आचार्य शांतरक्षित आणि बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्र यांनी तो सोडला, आणि प्रस्तुत विषयात त्यांचेच म्हणणे सर्वांत जास्त पटते. त्यांच्या मते परिचयाच्या, अभ्यासाच्या विषयात ज्ञानाचा खरेपणा तेथल्या तेथे कळतो, तर अपरिचित विषयात तो दुसऱ्या आधारानेच ठरवावा लागतो. पहिल्या जोडणीला परतःप्रामाण्य आणि पुढच्या प्रत्येक जोडणीला स्वतःप्रामाण्य, ही विभागणी एसएसएचच्या ओळखीच्या यादीत हुबेहूब उतरली आहे. मात्र परिचय घडण्यासाठी नाव टिकावे लागते. घरातील इंटरनेट जोडणीचा आकडी पत्ता अनेकदा बदलता असतो; प्रत्येक वेळी नव्या पत्त्याने जोडणी केली, तर तेच यंत्र दरवेळी अनोळखी ठरते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, आणि न वाचता ‘हो’ लिहिण्याची सवय बोटांना लागते. सर्व्हरला एक स्थिर नाव देऊन नेहमी त्याच नावाने हाक मारणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. काही जण याच्या उलट करतात आणि प्रश्न तसेच इशारे नकोसे झाल्याने पडताळणीच मांडणीतून बंद करून टाकतात. याला मीमांसकांचा पाठिंबा आहे असे कोणी म्हणेल तर ते साफ चूक आहे. स्वतःप्रामाण्य म्हणजे बाध होईपर्यंत विश्वास. जेथे बाधाचीच वाट बुजवली तेथे विश्वास उरत नाही, नुसते अज्ञान उरते.

अतिशंकेचा दोषही दर्शनकारांनी ओळखला होता. तीन-चार ज्ञानांपलीकडे पडताळणी लांबवू नये असे कुमारिल म्हणतात, आणि जी शंका शंकेखोराच्या स्वतःच्या वागण्याशीच विसंगत ठरते तिथे ती थांबते, असे नैयायिक उदयनाचार्य ‘न्यायकुसुमांजली’त दाखवतात. ठसा एकदा नीट ताडून झाल्यावर रोज तो पुन्हा मोजत बसणाऱ्याने ही गोष्ट लक्षात घ्यावी.

उरतो तो ओळखीचाच प्रश्न. पूर्वी पाहिलेली वस्तू पुन्हा दिसल्यावर ‘तीच ही’ असे जे ज्ञान होते, त्याला प्रत्यभिज्ञा म्हणतात, आणि वस्तू टिकून राहते याचा पुरावा म्हणून नैयायिक आणि मीमांसक तिच्याकडे बोट दाखवतात. बौद्धांचा आक्षेप असा की, दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते तरी ‘तीच’ वाटते. सारखेपणालाच आपण एकत्व समजून बसतो. घरगुती सर्व्हरच्या बाबतीत हा आक्षेप अनपेक्षितपणे बरोबर निघतो. चकती बिघडली, लिनक्स नव्याने बसवले आणि नवी किल्ली घडली, तर कपाटाशेजारचे तेच यंत्र सर्वांना परके ठरते. उलट सारे यंत्र बदलून जुन्या किल्लीची प्रत त्यात ठेवली, तर नवे यंत्र कोणाच्याही शंकेशिवाय जुने म्हणून स्वीकारले जाते. प्रत्यभिज्ञा येथे यंत्राची नसून किल्लीची आहे. म्हणूनच खाजगी किल्लीच्या फाइली प्रशासकाखेरीज कोणाला वाचता येऊ नयेत, फाइली ठेवणाऱ्या नातेवाइकांची खाती त्यांच्या-त्यांच्या फोल्डरपुरती कोंडली असतील तर त्या कोंडवाड्याच्या मूळ फोल्डरवर लिहिण्याचा अधिकार प्रशासकाशिवाय कोणालाच नसावा, असा ओपनएसएसएचचा कडक दंडक आहे.

किल्ली चोरीला गेलीच, तर बाधक ज्ञान उत्पन्न होत नाही, साधनात खोट असल्याचे बाहेरून दिसत नाही, आणि चोराच्या यंत्राची प्रत्यभिज्ञा अगदी निर्दोष असते. चोरी झाल्याचे मालकाला निराळ्या वाटेने कळले तरच काही करता येते. चालू जोडणीतून जुन्या किल्लीच्या आधाराने नवी किल्ली परिचित करून देण्याची सोय ओपनएसएसएचमध्ये आहे, पण अशा वेळी तिचा उपयोग नाही, कारण तीच साक्ष चोरही देऊ शकतो. मालकाला नवी किल्ली घडवून, सर्व्हरसमोर बसून तिचा ठसा काढून, इशारा दिसण्याआधीच तो प्रत्येक नातेवाइकाला फोनवर वाचून दाखवावा लागतो, आणि त्यांना आपापल्या यादीतील जुनी नोंद स्वतःच्या हाताने पुसून टाकावी लागते.